नवापूर, २००६ : एका साथीची भाषा

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे नाव एकाएकी देशभर झाले. तेथील मृत कोंबड्यांत एच५एन१ विषाणू असल्याचा निर्वाळा भोपाळच्या प्रयोगशाळेने दिला होता. भारतातील पाळीव पक्ष्यांत तो प्रथमच आढळला. आम्ही मराठीचे अध्यापक. रोगशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु या घटनेची नोंद ज्या भाषेत झाली, ती आम्हांस आजही अस्वस्थ करते.

रोग तसा जुनाच. कोंबड्यांच्या या मरीचे वर्णन पेरोंचितो यांनी इटलीत १८७८ मध्ये केले होते. तिच्या मुळाशी इन्फ्लुएन्झाचाच विषाणू आहे, हे १९५५ मध्ये सिद्ध झाले. नवे होते ते माणसाचे भय. १९९७ मध्ये हाँगकाँगला १८ जणांना एच५एन१ची बाधा झाली व ६ दगावले. तेव्हा तेथील दहा लाखांहून अधिक कोंबड्या मारल्या गेल्या.

तोच मार्ग नवापुरात अनुसरला गेला. तीन किलोमीटरचा परीघ आखला गेला आणि त्यात हजारो पक्ष्यांचे पोल्ट्रीशेड व आदिवासी घराच्या अंगणातली पाच-सात गावठी कोंबडी एकाच मापाने मोजली गेली. या घरांत कोंबडी म्हणजे पाहुणचार, देवाचा मान आणि आठवडेबाजारात अडीनडीला मोडता येणारा पैसा. नुकसानभरपाईच्या तक्त्यात यांपैकी कशालाच रकाना नसतो.

ही कत्तल अनावश्यक होती, असे आमचे म्हणणे नाही. विषाणू पक्ष्यांत जितका फिरेल तितकी त्याला बदलण्याची संधी अधिक, आणि पहिला धोका कोंबड्या हाताळणाऱ्यालाच. पण ‘बाधित क्षेत्र’, ‘शास्त्रोक्त विल्हेवाट’, ‘पक्षी नष्ट करण्यात आले’ या वाक्यांतून कर्ताच नाहीसा झाला. टॅमीफ्लूच्या गोळ्या घेऊन, अंगभर संरक्षक पोशाख चढवून दिवसभर कोंबड्या मारणारे हात कोणाचे होते? (प्रयोगाचे व्याकरण शिकवताना कर्मणी प्रयोगाचा हा उपयोग आम्ही कधी सांगितला नव्हता.)

त्या वर्षी नवापुरात माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. भारतातील या विषाणूचा पहिला नोंदलेला मानवी बळी जुलै २०२१ मधला, हरियाणातील एक मुलगा. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापुरात साथ परतली होती, आणि पुन्हा खड्डे खणण्यात आले होते.