दंतदुरुस्तीची द्रव्ये व परिदंत पेशींतील दाह
दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्या दरम्यान, जेमतेम पाव मिलिमीटर रुंदीच्या फटीत, परिदंत अस्थिबंधाचे जे तंतू व पेशी वसतात, त्यांना मुळाचे छिद्र बुजविणाऱ्या द्रव्याचा थेट संपर्क घडत असल्यामुळे, ते द्रव्य नुसते टिकाऊ असून भागत नाही. मराठवाडा व वऱ्हाड यांच्या सरहद्दीवर, हिंगोली–वाशीम रस्त्यालगत वसलेल्या कनेरगाव नाक्याच्या रहिवाशाला ही रचना समजावयास अवघड जाऊ नये. हा अस्थिबंध म्हणजे दोन मुलखांमधील नाकाच होय.

जंतुविषाची चाहूल लागताच या अस्थिबंधातील तंतुजनक पेशी इंटरल्यूकिन-६ व इंटरल्यूकिन-८ ही दाहसूचक प्रथिने स्रवतात. दाह लांबला तर हाड झिजू लागते. मूळ बुजविण्याच्या जुन्या लेपांतील युजेनॉल व फॉर्माल्डिहाइड अधिक मात्रेत पेशींना मारक ठरतात, तर रेझिनमधील न जुळलेली एकके पेशींतील ग्लुटाथायोन हे रक्षक द्रव्य खर्ची घालतात.

कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी विकसित केलेले व १९९३ पासून ग्रंथनिविष्ट झालेले 'एमटीए' हे द्रव्य मुख्यत्वे इमारतीच्या पोर्टलंड सिमेंटचेच शुद्ध भावंड आहे, हे ऐकून दचकण्याचे कारण नाही. ओले असता त्याचा सामू सुमारे १२.५ पर्यंत चढून लगतच्या पेशी प्रथम होरपळतात. परंतु घट्ट झाल्यावर सुटणाऱ्या कॅल्शियममुळे पृष्ठभागी हायड्रॉक्सिॲपेटाइटचा थर साचतो व त्यावर पेशी चिकटून वाढतात. एमटीएला घट्ट होण्यास पावणेतीन तास लागतात. 'बायोडेंटिन' या दुसऱ्या द्रव्याला सुमारे बारा मिनिटे.