ऑइल बदललं, पण बरोबर बदललं का? कार सर्व्हिसिंगमध्ये होणाऱ्या ५ चुका

इंजिन ऑइल बदलणं हे कार सर्व्हिसिंगमधलं सगळ्यात साधं काम समजलं जातं. पण घाईत झालेली एखादी चूक थेट इंजिन जाम करू शकते. या ५ चुका माहीत असायलाच हव्यात.

१. चुकीचं ऑइल
अनेक गॅरेजमध्ये बॅरलमधलं एकच ऑइल सगळ्या गाड्यांना घातलं जातं. पण ५डब्ल्यू-३० ग्रेड सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल गेलं, तर थंड इंजिन सुरू करताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचतं. डीपीएफ असलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांना कमी राख होणारं ऑइल लागतं. नाहीतर हा महागडा फिल्टर लवकर चोंदतो.

२. ऑइल कमी किंवा जास्त
ऑइलची पातळी डिपस्टिकवरच्या दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी पडलं तर भागांची झीज होते. खूप जास्त झालं तर क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाळलेलं ऑइल नीट वंगण देत नाही.

३. जुनी रबरी रिंग तशीच राहणं
फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रिंगा एकावर एक येतात. इंजिन सुरू झाल्यावर दाबाने तिथून ऑइल बाहेर पडतं आणि काही मिनिटांत चेंबर रिकामं होऊ शकतं.

४. ड्रेन प्लग वाजवीपेक्षा जास्त आवळणं
बऱ्याच गाड्यांचं ऑइल चेंबर ॲल्युमिनियमचं असतं. प्लग जोर लावून आवळला की आटे जातात. सैल राहिला तर गळती होते. प्लगचा वॉशरही अनेक कंपन्या दर वेळी बदलायला सांगतात.

५. भलताच प्लग उघडणं
काही गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्सचे ड्रेन प्लग जवळजवळ असतात. चुकून गिअरबॉक्सचं ऑइल काढलं गेलं, तर गिअरबॉक्स कोरडा पडतो आणि इंजिनात ऑइल दुप्पट होतं.

गाडी ताब्यात घेताना हे करा

• ओनर्स मॅन्युअलमधला ग्रेड बिलावर लिहून घ्या. सीलबंद कॅन समोर उघडायला सांगा.
• इंजिन दोन मिनिटं चालू ठेवून गाडीखाली गळती बघा.
• इंजिन बंद करून, सपाट जागेवर पाचेक मिनिटांनी डिपस्टिक तपासा.
• दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये तेलाचे डाग आहेत का, ते पाहा.

डिझेल गाडीत नवं ऑइल लगेच काळं दिसलं तर घाबरू नका, ती काजळी असते. पण डॅशबोर्डवर किटलीसारखा लाल दिवा लागला, तर ‘गॅरेजपर्यंत नेतो’ म्हणू नका. गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा आणि टोइंग बोलवा. बिल मात्र जपून ठेवा, वॉरंटीचा वाद झाला तर तोच तुमचा पुरावा!