कवितेतलं युद्ध आणि न्यायमूर्ती चंदावरकर

नोव्हेंबर १९०९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नाशिकच्या एका अपिलाचा निकाल दिला. आरोपी होते गणेश दामोदर, म्हणजेच बाबाराव सावरकर. आरोप बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. या युद्धात तोफ नव्हती की तलवार नव्हती, कवितांची एक चोपडी होती. देव, दानव आणि शिवाजी महाराज यांच्या आडून कवी नेमकं काय सांगतो, हे आता न्यायालयाला ठरवायचं होतं.

खंडपीठावर दोघे होते, न्यायमूर्ती हीटन आणि न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर. हीटन यांची भिस्त भाषांतरावर. चंदावरकरांना मराठी कळत होतं. मराठी जाणणारा न्यायाधीश मिळाला हे आरोपीच्या पथ्यावर पडायला हवं होतं. पडलं उलटंच. कवितेतला दैत्य कोण आणि पारतंत्र्य कुणाचं, हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. जन्मठेप कायम झाली.

चंदावरकर काही सरकारचे हुजरे नव्हते. १८५५ मध्ये होन्नावरच्या सारस्वत घरात जन्मलेला आणि मुंबईत घडलेला हा वकील ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी बाजूचा संपादक होता. १९०० च्या लाहोर काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं. पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे गेले आणि उच्च न्यायालयातल्या त्यांच्या जागी चंदावरकर आले. प्रार्थना समाजाची धुराही त्यांच्याकडे आली. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ मध्ये काढलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनचे अध्यक्षही तेच. जातिभेदाविरुद्ध ठाम उभा राहणारा हा माणूस राज्यकर्त्यांशी भांडायचा तो अर्ज, ठराव आणि युक्तिवाद यांनी. पिस्तुलाची भाषा त्याला कळत नव्हती, असं म्हणवत नाही. ती त्याला मान्य नव्हती.

नाशिकला मात्र तीच भाषा सुचली. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग होता. बदली होऊन निघालेले कलेक्टर जॅक्सन निरोपाचे पाहुणे म्हणून आले होते. संस्कृतचा व्यासंग असलेला हा अधिकारी; पण बाबारावांवरच्या खटल्यात त्याचा हात होता, हा राग गावात धुमसत होता. औरंगाबादला शिकणाऱ्या अनंत लक्ष्मण कान्हेरेने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून आलेलं होतं; बाबारावांचे धाकटे भाऊ विनायकराव सावरकर यांनी अशी वीस पिस्तुलं चतुर्भुज अमीनच्या पेटीच्या चोरकप्प्यातून धाडली होती. कान्हेरे आणि त्याचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

मग उभा राहिला नाशिक कटाचा खटला. १९०८ च्या खास कायद्याखाली नेमलेलं तीन न्यायमूर्तींचं न्यायासन. ज्यूरी नाही, पुढे अपील नाही. सरन्यायाधीश बेसिल स्कॉट, हीटन आणि पुन्हा चंदावरकर. अडतीस आरोपींपैकी सत्तावीस दोषी ठरले. २४ डिसेंबर १९१० रोजी विनायकरावांना जन्मठेप सुनावली गेली आणि जानेवारी १९११ मध्ये, जॅक्सन खुनाला साहाय्य केल्याबद्दल, दुसरी.

न्यायासनावरून उतरल्यावर १९१३ च्या सुमारास चंदावरकर होळकरांच्या इंदूर संस्थानाचे दिवाण झाले. निकाल लिहिणाऱ्याने आता कारभार हाकायचा. तो मुक्काम अल्पकाळचा. त्यांच्या वाट्याला महायुद्धातलं खरं काम आलं ते बंगालमधून.

युद्धकाळात भारत संरक्षण कायद्याखाली बंगाल सरकारने शेकडो तरुणांना खटल्याविना अडकवून ठेवलं होतं. ओरड वाढली तेव्हा १९१८ मध्ये त्यांची प्रकरणं तपासायला दोघांना नेमलं: चंदावरकर आणि कलकत्त्याचे न्यायमूर्ती बीचक्रॉफ्ट. बीचक्रॉफ्ट म्हणजे अलीपूर बाँबखटला चालवणारे. नाशिक आणि अलीपूर, दोन्हीकडचे कागद पाहिलेली जोडी सरकारने काही डोळे मिटून निवडली नसावी. बंदिवानांना वकील नव्हता, साक्षीदारांची उलटतपासणी नव्हती. होत्या त्या पोलिसांच्या फायली. दोघांनी ८०६ प्रकरणं पाहिली आणि सुटकेची शिफारस केली सहाजणांची. बाबारावांच्या वेळी निदान मूळ कविता पुढ्यात होती आणि आरोपीचा वकील उभा होता. इथे तेवढंही नव्हतं. आयुष्यभर युक्तिवादावर विश्वास ठेवलेल्या माणसाने एकतर्फी फायलींवर सही करावी, ही त्यांच्या चरित्रातली खरी ठेच. जॅक्सन खुनाचा धाक त्यांच्या मनातून गेला नव्हता, एवढंच फार तर त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

पुढे ते मुंबई कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले आणि त्या पदावर असतानाच १४ मे १९२३ रोजी वारले. बाबाराव आदल्याच वर्षी सुटले होते. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाला आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव आहे. बोलताना मात्र नाशिककरांच्या तोंडी अजूनही ‘गोल्फ क्लब’च येतं.