गाण्याचा नवा आश्रयदाता

गाणे जन्मते गायकाच्या गळ्यात, पण वाढते कोणाच्या तरी अंगणात. ते अंगण कोणाचे होते हे पाहिल्यावाचून त्या गाण्याचा इतिहास पुरता उलगडत नाही. उत्तर हिंदुस्थानी संगीत दरबारांत वाढले, दर्ग्यांच्या ओट्यांवर वाढले. विसाव्या शतकात ते नभोवाणी व बोलपट यांच्या वळचणीला आले. इ. स. २००८ मध्ये पाकिस्तानात ह्या मालिकेत एका अनपेक्षित नावाची भर पडली. थंड पेये विकणाऱ्या एका परदेशी कंपनीने तेथील दूरचित्रवाणीवर 'कोक स्टुडिओ' ही संगीतमाला सुरू केली, आणि पुढील काही वर्षांत पिढीजात कव्वालांपासून तो विद्युत-गिटार वाजविणाऱ्या तरुणांपर्यंत त्या देशातील बहुतेक नामवंत गायक-वादक तिच्या मांडवाखालून गेले.

एका व्यापारी कंपनीला हे साधले, ह्याचे कारण जुनी अंगणे त्यापूर्वीच ओस पडली होती. १९४७ च्या फाळणीने माणसांप्रमाणे घराणीही दुभंगली. पतियाळा दरबाराच्या छायेत वाढलेल्या घराण्याचे अमानत अली व फतेह अली हे बंधू लाहोरला गेले. पण गायकांना पोसणारी संस्थाने बव्हंशी सरहद्दीच्या अलीकडेच राहिली होती, आणि पुढे तीही विलीन झाली. मराठी श्रोत्यांना रोशनआरा बेगम यांचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. मिरजेशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या अब्दुल करीम खाँसाहेबांची ही शिष्या मुंबईत इतकी रुळली होती, की 'बंबईवाली' हे बिरुदच तिच्या नावाला चिकटले. १९४८ मध्ये त्या पाकिस्तानात गेल्या व पंजाबातील लालामूसा नावाच्या लहानशा गावी स्थायिक झाल्या. मैफली थोड्या आणि जाणकार त्याहून थोडे. रेडिओने हात दिला म्हणून ते गाणे पुढच्या पिढीच्या कानावर तरी पडले.

पुढे जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीत, म्हणजे १९७७ ते १९८८ ह्या काळात, गायनाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले व नृत्यावर तर बंदीच आली. त्याच राजवटीच्या अखेरीस, १९८७ मध्ये, 'व्हायटल साइन्स' नावाच्या चार तरुणांच्या वाद्यवृंदाने म्हटलेले 'दिल दिल पाकिस्तान' हे गीत सरकारी दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोचले. पाश्चात्य धर्तीचे गाणे होते, पण विषय देशप्रेमाचा. त्यामुळे हरकत घेणे कठीण झाले असावे. ह्या चौघांत कीबोर्ड वाजविणारा रोहेल हयात हाच पुढे 'कोक स्टुडिओ'चा शिल्पकार ठरला.

मूळ कल्पना ब्राझीलची होती. भिन्न प्रकृतीच्या दोन कलावंतांना एकाच रंगमंचावर गावयास लावणारा असा एक कार्यक्रम त्याच कंपनीने तेथे चालविला होता. हयात व त्याची पत्नी अंबर हिने तो साचा घेतला आणि आत भरलेले द्रव्य मात्र बदलले. पहिल्या वर्षी समोर प्रेक्षक होते. दुसऱ्या वर्षापासून ते काढून टाकण्यात आले, आणि हा निर्णय वाटतो त्याहून महत्त्वाचा होता. टाळ्यांसाठी गाण्याचे कारण उरले नाही. वादक एकमेकांकडे तोंड करून वर्तुळात बसले, कानांवर ध्वनियंत्रे चढली आणि गाणे एकसलग, सर्वांनी एकाच वेळी वाजवून मुद्रित होऊ लागले. गायकाइतकाच प्रकाश साथीदारावर पडला. बाबर अली खन्ना यांच्यासारख्या ढोलकवादकाचे नाव व चेहरा श्रोत्यांच्या परिचयाचा झाला. साथीदाराला असा मान आपल्याकडच्या परंपरेने क्वचितच दिला आहे, हे कबूल केले पाहिजे.

ह्या प्रयोगातील खरी अडचण संगीताच्या पोटातली होती. आपले रागसंगीत व लोकसंगीत एका षड्जाभोवती फिरते. तंबोरा किंवा एकतारी तो षड्ज अखंड धरून असते आणि गायक त्याच्याशी नाते जोडतो, तोडतो, पुन्हा जोडतो. पाश्चात्य पद्धतीची गिटार मात्र कॉर्डवर चालते. तीन-चार स्वर एकत्र छेडले जातात आणि तो स्वरसमूह दर दोन-चार मात्रांनी बदलतो. तो बदलला की गायकाच्या पायांखालची जमीनच सरकल्यासारखी होते. मिश्र संगीताचे बहुतेक प्रयत्न येथेच फसतात. एक तर गायकाला गिटारीच्या चौकटीत कोंबले जाते, नाही तर गिटार तोंडी लावण्यापुरती उरते. हयातने काढलेली तोड त्याच्या चांगल्या ध्वनिमुद्रणांत स्पष्ट ऐकू येते. कॉर्ड कमीत कमी, खालच्या सप्तकात एकच स्वराकृती पुनःपुन्हा फिरती ठेवलेली, आणि वाद्ये एकामागून एक, उतावीळ न होता आत येणारी. खालची ती फिरती आकृती तंबोऱ्याचेच काम करते, मात्र तिला ताल असतो. गायक तिच्यावर निश्चिंतपणे पसरू शकतो.

२००९ साली सांई जहूर यांनी बुल्लेशाहाचे वचन लाहोरच्या 'नूरी' ह्या वाद्यवृंदाबरोबर गायिले. दर्ग्यादर्ग्यांतून एकतारी घेऊन गात आयुष्य काढलेला हा गायक त्या झगमगाटात जराही बुजलेला दिसत नाही. उलट त्याच्या आवाजापुढे तरुण मंडळीच सावरून बसलेली दिसतात. त्याच वर्षी अमानत अलींचे चिरंजीव शफकत अमानत अली 'खमाज' गायले. पतियाळाच्या दरबारातून निघालेली वाट कंपनीच्या स्टुडिओपर्यंत येऊन पोचली ती अशी.

परंतु खरा कळस झाला तो २०१० मध्ये, आरिफ लोहार व मीशा शफी यांच्या 'जुगनी'ने. आरिफचे वडील आलम लोहार हे पंजाबच्या जत्रांतून लांबलचक लोखंडी चिमटा वाजवीत गाणारे लोकगायक; 'जुगनी' हा गीतप्रकार त्यांनीच गावोगाव नेला. मुलाने तोच चिमटा हाती घेतला. मीशा ही शहरी, रॉक संगीतात वावरलेली गायिका. सतराव्या शतकातील सुलतान बाहू ह्या सूफीच्या वचनाने आरंभ होऊन गाणे जुगनीत उतरते, आणि चिमट्याच्या खणखणाटाला ढोलाची व गिटारीची जोड मिळते तेव्हा कोण कोणाची साथ करीत आहे हे सांगता येत नाही. शहरातल्या ज्या घरांत पंजाबी ही नोकराचाकरांशी बोलण्याची भाषा मानली जाई, तेथील मुलेही हे गाणे मुखोद्गत म्हणू लागली.

हे गाणे ज्या दिवसांत लोकांच्या ओठी होते ते दिवस कसे होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मार्च २००९ मध्ये पेशावरजवळील रहमान बाबा ह्या पश्तो संतकवीच्या समाधीवर स्फोट घडविण्यात आला होता. १ जुलै २०१० रोजी लाहोरच्या दाता दरबारात आत्मघातकी हल्ल्यात चाळीसहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. ज्या ओट्यांवर सूफी वचने शतकानुशतके गायिली गेली ते ओटे रक्ताने भिजत असताना तीच वचने बंद स्टुडिओतून देशभर ऐकू येत होती. कंपनीला पेय विकायचे होते, ह्यात शंका नाही. पण त्या वर्षांत ऐकणाऱ्याने त्यात पेयाहून अधिक काही ऐकले असेल, तर तो त्याचा भाबडेपणा म्हणता येणार नाही.

भाषांच्या बाबतीत ह्या मालेने सरकारी धोरणापेक्षा अधिक औदार्य दाखविले. कलातचे अख्तर चनाल जहरी बलुचिस्तानची गाणी घेऊन आले, जेब व हानिया ह्या मावस-चुलत नात्याच्या दोघी जणी दरी भाषेतून गायल्या, आणि २०१५ मध्ये उमरकोटकडच्या माई धाई मारवाडी बोलीत गात आल्या. माई धाई ह्या मांगणियार जातीच्या. ह्याच जातीचे गायक राजस्थानात जैसलमेर-बाडमेरकडे आहेत. वाळूवर ओढलेली रेघ त्या गाण्याला कधी दिसलीच नाही.

२०१३ नंतर हयात बाजूला झाला, २०१४ पासून चार वर्षे सूत्रे 'स्ट्रिंग्ज' ह्या जोडीकडे गेली, आणि गाणे अधिक गोड, अधिक सुबक झाले. जुन्या लोकप्रिय चिजा पुन्हा गाण्याकडे कल वाढला. आतिफ अस्लमने २०१५ मध्ये गायिलेली, साबरी बंधूंची 'ताजदार-ए-हरम' ही कव्वाली अमाप गाजली. तरीही मूळ ध्वनिमुद्रणातील धग तिच्यात शोधावी लागते. २०१८ मध्ये 'अरमान' ह्या १९६६ च्या बोलपटातील अहमद रश्दी यांचे 'को को कोरीना' नव्याने सादर झाले तेव्हा मात्र श्रोत्यांनी सरळ नापसंती व्यक्त केली. वारसा म्हणजे फडताळातून काढून पुसून मांडावयाची भांडी नव्हेत, हे निर्मात्यांना श्रोत्यांकडून शिकावे लागले.

साबरींचे नाव निघाले की २०१६ सालाकडे वळणे भाग पडते. गुलाम फरीद साबरी यांचे पुत्र अमजद साबरी यांनी राहत फतेह अली खान यांच्या बरोबरीने अमीर खुसरोच्या नावे चालत आलेला 'रंग' मुद्रित केला होता. २२ जून रोजी कराचीच्या भर रस्त्यात मारेकऱ्यांनी त्यांना मोटारीत गोळ्या घातल्या. त्या वर्षीच्या मालिकेच्या अखेरीस तो 'रंग' दाखविण्यात आला. गाणे आनंदाचे आहे, गुरुभेटीचे आहे. अमजद साबरी त्यात हसतमुखाने हात पसरून गात आहेत.

२०२२ मध्ये जुल्फी ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुण निर्मात्याने सूत्रे घेतली आणि मूळ वर्तुळच मोडले. आता प्रत्येक गाण्यासाठी वेगळा देखावा उभारला जाऊ लागला. एकत्र बसून एकसलग वाजविण्याची अट उरली नाही. त्यातूनच अली सेठी व शे गिल यांचे 'पसूरी' निघाले, आणि त्या वर्षी गूगलवर जगभर सर्वांत अधिक शोधले गेलेले गीत तेच ठरले. ट्रकच्या पाठीमागे रंगविलेल्या एका ओळीवरून अली सेठीला त्याची कल्पना सुचली. गाणे चटकदार आहे. तरीही पहिल्या वर्षांतील वर्तुळात एका वादकाने दुसऱ्याकडे पाहून मान डोलवावी आणि लय किंचित ढळून पुन्हा सावरावी, तो जिवंतपणा आता दिसत नाही.

भारतात ह्या मालेचा श्रोता आरंभापासूनच होता. २०११ मध्ये तिची भारतीय आवृत्तीही निघाली. २०१६ च्या सप्टेंबरात उरीचा हल्ला झाला व त्यानंतर पाकिस्तानी कलावंतांना हिंदी चित्रसृष्टीची दारे बंद झाली. मे २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर केंद्र सरकारने पाकिस्तानी मूळच्या गीतांचे प्रसारण थांबविण्याची सूचना दिली. तरी एक लहानशी गोष्ट घडून गेली होती. २०१६ च्याच मालिकेत शिल्पा राव ही भारतीय गायिका 'नूरी'च्या साथीने 'पार चना दे' गायली. सोहनी-महिवालच्या कथेतील ते गीत आहे. चिनाबच्या पुरात कच्च्या मातीचा घडा हाती धरून सोहनी उतरते, पैलतीर दूर असतो, आणि ती त्या घड्याशीच बोलते. ती चिनाब भारतात उगम पावून पाकिस्तानात जाते.