दिवाळीची वही आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र : पाटोदा परिसरातील एक संक्रमण

बीड जिल्ह्याच्या पश्चिम भागात, बालाघाटच्या डोंगररांगेवर पाटोदा तालुका वसलेला आहे. मांजरा नदी याच तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते. त्याला लागून जामखेड तालुका आहे. तो तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा भाग. जमीन, पीक, बोली या तिन्ही दृष्टींनी एकजिनसी अशा या मुलखातून १९४८ पर्यंत निजामी राज्याची सीमा जात होती. ही सीमा पुसली गेली तेव्हा पाटोद्याच्या बाजूच्या व्यापाऱ्यावर कोणते नवे दायित्व आले, याचे उत्तर प्राप्तिकराच्या विवरणपत्रात सापडते.

सीमेपलीकडील जामखेडास प्राप्तिकराची ओळख जुनी होती. १८५७ च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी जेम्स विल्सन याने १८६० मध्ये हा कर प्रथम बसविला. वर्षास दोनशे रुपये उत्पन्नापासून त्याची आकारणी सुरू होई आणि शेतीचे उत्पन्नही त्यातून सुटत नसे. हा कायदा १८६५ मध्ये संपुष्टात आला. पुढे परवाना-कर, दाखला-कर असे प्रयोग होऊन १८८६ च्या कायद्याने कर स्थिर झाला. मात्र त्यातून शेतीचे उत्पन्न वगळण्यात आले आणि करपात्रतेची मर्यादा पाचशे रुपये ठरली. व्यापार व इतर मार्गांनी होणाऱ्या उत्पन्नाचा अंदाज त्या काळी मुख्यतः कलेक्टर करीत असे. १९२२ च्या कायद्यात प्राप्तिकर अधिकाऱ्याने नोटीस दिल्यावर विवरण सादर करावयाचे होते. १९३९ च्या दुरुस्तीने सर्वांसाठी एकच जाहीर सूचना काढण्याची तरतूद झाली आणि करपात्र उत्पन्न असणाऱ्याने व्यक्तिगत नोटिशीची वाट न पाहता विवरण देणे त्याचे कर्तव्य ठरले. सरकारने माणसाचा अंदाज घ्यावा, येथून माणसाने स्वतःचा हिशेब सहीनिशी द्यावा, येथवरचा हा प्रवास आठ दशकांचा होता.

पाटोद्याच्या बाजूस हा प्रवास घडलाच नव्हता. निजामी शासन रयतेस ओळखत असे ते जमिनीवरून. पटवाऱ्याच्या दप्तरात शेत होते, सारा होता, थकबाकी होती. व्यापाऱ्याशी सरकारची गाठ पडे ती करोडगिरीच्या नाक्यावर, आणि तीही मालावरून. त्याच्या वर्षाच्या नफ्याची विचारपूस सरकार करीत नसे. १९२२ च्या कायद्याच्या धर्तीवरील हैदराबाद प्राप्तिकर कायदा आला तो १३५७ फसलीत, म्हणजे १९४७-४८ मध्ये. तो अंगवळणी पडण्यापूर्वीच सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई झाली. पुढे १९५० च्या वित्त कायद्याने १ एप्रिल १९५० पासून भारतीय प्राप्तिकर 'ब' वर्गातील राज्यांस लागू झाला. त्याच वेळी हैदराबादचा कायदा केवळ आधीच्या कालखंडाच्या आकारणीपुरता शिल्लक ठेवण्यात आला आणि दरांतील तफावत एकदम अंगावर येऊ नये म्हणून 'ब' वर्ग राज्यांसाठी करसवलतींचा स्वतंत्र आदेश निघाला.

दरांची अडचण सवलतीने सौम्य झाली. वहीची अडचण मात्र निराळी होती. राज्याचे वर्ष फसली, भारतीय करआकारणीचे वर्ष एप्रिल ते मार्च, आणि व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीच्या पाडव्याचे. रोकड हाली सिक्क्यात, तर आकारणी कलदार रुपयात. सात हाली रुपयांचे सहा कलदार होत. म्हणजे वहीत सात हजारांचा दिसणारा नफा विवरणात सहा हजारांचा होई. शासनव्यवहाराची भाषा उर्दू, रोजकीर्द व खतावणी देशी लिपीत, आणि नवा कायदा इंग्रजीत. एकाच नफ्याची ही तीन भाषांतरे करण्याचे काम मुनीम आणि वकील यांच्याकडे गेले. पगारी नोकरास किंवा वकिलास आपल्या वतीने अधिकाऱ्यासमोर उभे करण्याची मुभा १९२२ च्या कायद्यातच होती.

या तिहेरी अडचणीपैकी वर्षाचा प्रश्न कायद्याने उदारपणे सोडविला होता. ज्या तारखेस करदाता आपल्या वह्या बंद करतो, त्या तारखेस संपणारे बारा महिने त्याचे 'मागील वर्ष' मानले जात. यातून निघणारा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. समजा, एखादा अडत्या दिवाळीस वही बदलत असेल, तर १९५०-५१ च्या आकारणीसाठी त्याचे मागील वर्ष १९४८ च्या दिवाळीपासून १९४९ च्या दिवाळीपर्यंतचे होई. ही वही उघडली गेली तेव्हा पोलिस कारवाई होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. भारतीय प्राप्तिकराने त्याच्याकडे पहिला हिशेब मागितला तो असा : ज्या वर्षी तो कायदा त्याच्या गावास लागू नव्हता आणि भारताची राज्यघटनाही अमलात आली नव्हती, त्या वर्षाचा. राजवटीच्या बदलाची तारीख इतिहासात एक असते. करदात्याच्या वहीत ती दुसरीच निघते.

दुसरा प्रश्न उत्पन्नाच्या विभागणीचा. पाटोद्यासारख्या कोरडवाहू भागात जमीन, अडत आणि सावकारी ही अनेकदा एकाच घरात नांदत. एकत्र कुटुंबाचा कर्ता या तिन्हींकडे एकाच कोठाराच्या दृष्टीने पाही. विवरणपत्रास ते मान्य नव्हते. स्वतःच्या शेतातील ज्वारी करमुक्त. परंतु ऋणकोकडून व्याजापोटी आलेली ज्वारी करपात्र. शेतीचे उत्पन्न म्हणजे काय, याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये राजा विनयकुमार सहासराय यांच्या प्रकरणात घालून दिली : जमिनीवर मानवी श्रम व कौशल्य खर्च झाले पाहिजे, आपोआप उगवलेल्या रानाचे उत्पन्न शेतीचे नव्हे. कोठारातील धान्यास असा भेद कधी ठाऊक नव्हता. तो कागदाने निर्माण केला. केवळ शेतीवर जगणारा बहुसंख्य समाज विवरणपत्राच्या बाहेरच राहिला. त्याची सरकारदरबारची ओळख सातबाऱ्यापुरती राहिली.

१ एप्रिल १९६२ पासून लागू झालेल्या १९६१ च्या अधिनियमाने विवरण देण्याचे कर्तव्य जाहीर सूचनेवरही अवलंबून ठेवले नाही. १९७३ च्या वित्त कायद्याने इतर उत्पन्नावरील दर ठरविण्यापुरते शेतीचे उत्पन्न विचारात घेतले, आणि ज्या शेतीवर कर नाही तिचाही आकडा विवरणात लिहिला जाऊ लागला. १९८९-९० च्या आकारणीपासून सर्वांसाठी मार्चअखेरचे वर्ष सक्तीचे झाले. दिवाळीची वही पूजेपुरती उरली. २०२५ च्या अधिनियमाने 'मागील वर्ष' व 'आकारणी वर्ष' ही जोडीही मोडून १ एप्रिल २०२६ पासून 'करवर्ष' ही एकच संज्ञा योजिली आहे.

प्राप्तिकराच्या इतिहासात दर आणि वसुली यांचाच विचार प्रामुख्याने होतो. पाटोदा परिसराचे उदाहरण त्याच्या दुसऱ्या अंगाकडे लक्ष वेधते. विलीनीकरणाने येथील व्यापारी नागरिक झाला, ही गोष्ट राज्यघटनेने सांगितली. पण नागरिक म्हणून स्वतःविषयी सहीनिशी बोलण्याची पहिली सक्ती त्याला या विवरणपत्राने केली. तसे बोलण्यासाठी त्याला आपले वर्ष, आपले नाणे आणि आपली लिपी या तिन्हींचे रूपांतर करावे लागले. आकारणी झालेल्या रकमेत या किमतीची नोंद कोठेही आढळणार नाही.