४०० यार्डांचा चक्का जाम

ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड. त्यांच्यातला सेकंदाला ३२ हजार बिट जाणारा डेटा अचानक ४० बिटांवर आला. म्हणजे सेकंदाला पाच रोमन अक्षरं. दोन पानी पत्र हातात घेऊन कुणी चालत गेलं असतं, तर ते आधी पोचलं असतं.

गंमत म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं. टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये बोलणं संपेपर्यंत लाइन तुमच्यासाठी राखीव असायची. लाइन नसेल तर फोनच लागायचा नाही. इंटरनेटने हे रिझर्व्हेशन मोडीत काढलं. वाटेतली यंत्रं मुद्दाम साधी ठेवली: पॅकेट आलं की पुढे ढकला, रांग भरली की टाकून द्या. ते पोचलं की नाही, हे दोन टोकांवरच्या संगणकांनी पाहायचं. स्वस्त, लवचीक व्यवस्था. पण ‘आत जागा नाही’ म्हणणारा कंडक्टरच नाही!

त्यामुळे पोच आली नाही की संगणक तेच पॅकेट इमानदारीत पुन्हा पाठवायचे. नुसता उशीर झाला तरीही. आधीच तुंबलेल्या रांगेत त्याच पॅकेटांच्या प्रती. जॉन नेगल यांनी १९८४ मध्येच हा धोका लिहून ठेवला होता.

व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी वाटेतल्या यंत्रांना हात लावला नाही. पाठवणाऱ्याला शहाणं केलं. सुरुवात एका पॅकेटने. पोच येईल तसा वेग वाढवायचा. पॅकेट हरवलं, तर रस्ता भरलाय असं समजून पुन्हा एकपासून सुरुवात, आणि आधीच्या निम्म्या वेगाच्या पुढे मात्र जपून, एकेक पाऊल. हा कोड १९८८ मध्ये बर्कलीच्या युनिक्समधून सगळीकडे गेला. पुढच्याच वर्षी दा-मिंग च्यू आणि राज जैन यांनी गणिताने दाखवलं, की हळूहळू वाढवणं आणि पटकन पटीत घटवणं या रीतीने अनोळखी पाठवणारेसुद्धा समान वाट्याकडे सरकतात.

सक्ती मात्र कुणावरच नव्हती. शिवाय वाटा मोजला जातो तो कनेक्शनमागे, माणसामागे नाही. डाउनलोड मॅनेजर एका फाइलसाठी आठ कनेक्शन उघडतो ते यासाठीच. आठही जण नियम पाळतात, आणि शेजारच्यापेक्षा आठपट घेऊन जातात.