मांडव्याच्या बायका

मांडवा म्हटलं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे 'अग्निपथ' (माझ्या पिढीचा हृतिकवाला, आणि आमच्या बाबांच्या मते खरा म्हणजे १९९०चा अमिताभवाला). दुसरी म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट पलीकडे नेणारी रो-रो बोट, जी २०२०मध्ये सुरू झाली. पण याच मांडव्यात सत्तरच्या दशकात एक प्रयोग झाला होता आणि तो आपल्याच जिल्ह्यातल्या लोकांना जवळपास ठाऊक नाही. मलाही नव्हता. गेलं वर्षभर ऑफिसात जे काम करतोय (आरोग्यसेविका आणि आशाताईंसाठी मोबाईलवरचं प्रशिक्षण) त्यासाठी वाचायला लागलो आणि वाचता वाचता थेट अलिबाग तालुक्यात येऊन पोचलो! आम्हा कर्जत-खालापूरकरांना अलिबाग म्हणजे कलेक्टर कचेरी आणि जिल्हा परिषद, त्यापलीकडे संबंध कमी. असो.

तर डॉ. नोशीर अंतिया. जन्म १९२२, हुबळी. प्लॅस्टिक सर्जन. इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलिज यांच्याकडे शिकले. गिलिज म्हणजे पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेल्या सैनिकांना नवे चेहरे देणारा माणूस. अंतियांनी परत येऊन मुंबईत जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. प्लॅस्टिक सर्जरी म्हटलं की आपल्याला नट्यांची नाकं दिसतात. यांनी मात्र कुष्ठरुग्णांची नाकं आणि वाकडी झालेली बोटं दुरुस्त केली. आणि मला वाटतं, पुढचं सगळं तिथूनच आलं असणार. कारण कुष्ठरोगात बोट वाकडं होण्याच्या कितीतरी वर्षं आधी अंगावर एक फिकट चट्टा येतो, त्यावर टाचणी टोचली तरी कळत नाही. तो चट्टा त्याच वेळी कोणी ओळखला आणि गोळ्या सुरू झाल्या तर सर्जनची गरजच पडत नाही. आता हा चट्टा ओळखायला एमबीबीएस लागतं का? शेजारच्या घरातली बाई लागते, जी रोज त्या माणसाला बघते.

याच धर्तीवर मांडवा परिसरातल्या तीसेक गावांत, सुमारे ३०,००० वस्तीत, काम सुरू झालं. (तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड १९८१मध्ये झालं.) त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याचशा जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या. अर्धवेळ काम. घरचं, शेतातलं सांभाळून करायचं. चट्टे ओळखणं, क्षयाच्या रुग्णाला औषध सोडू न देणं, गरोदर बायकांकडे लक्ष, लसीकरण, कुटुंबनियोजन, ताप-जुलाबाचे साधे उपचार.

यातलं क्षयाचं उदाहरण घ्या. तेव्हा क्षयाचा उपचार वर्ष-दीड वर्ष चालायचा. दोन महिन्यांत खोकला थांबला, भूक लागायला लागली की माणूस म्हणतो, झालं बरं, आता कशाला गोळ्या. इथे तज्ज्ञाचा काहीही उपयोग नाही. तज्ज्ञ मुंबईत बसलाय. उपयोग आहे तो 'काय रे, गोळी घेतलीस का?' असं ओट्यावरून ओरडून विचारणाऱ्या काकूंचा. आमच्या भाषेत सांगायचं तर हे काम सर्व्हरवर होतच नाही, ते त्या टोकाच्या यंत्रावरच व्हायला लागतं.

बायका शिकल्या. हे मुद्दाम वेगळं वाक्य लिहितोय, कारण त्या शिकू शकतील का यावरच सगळ्यात जास्त शंका घेतली जायची. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०पासून हेच दाखवलं होतं, मांडव्यात पुन्हा दिसलं.

मग प्रयोग थांबला कशामुळे? पैसे संपले म्हणून नाही, बायका विसरल्या म्हणूनही नाही. गावातली साधी बाई औषध देते, लोक तिच्याकडे जातात, ती सरकारी यंत्रणेला प्रश्न विचारायला लागते, हे स्थानिक पुढाऱ्यांना आणि आरोग्ययंत्रणेतल्यांना मानवलं नाही. विरोध वाढत गेला आणि ऐंशीच्या दशकात काम गुंडाळावं लागलं. अंतियांनी १९८८मध्ये एका आंतरराष्ट्रीय आरोग्य नियतकालिकात हे सगळं आडपडदा न ठेवता लिहिलं. पुढे त्यांच्या संस्थेनं (तिचं नाव मराठीत सांगायचं तर सामूहिक आरोग्य संशोधन प्रतिष्ठान) पुरंदर तालुक्यात परिंच्याला पुन्हा गावातल्या बायकांना घेऊन काम केलं. अंतिया २००७मध्ये गेले.

माझ्या क्षेत्रातल्या लोकांना हा भाग कळायला जड जातो. आम्हाला वाटतं माहिती पोचत नाही हा प्रश्न आहे. माहिती पोचवणं आम्हाला येतं. व्हिडिओ, प्रश्नमंजुषा, मराठी आवाज, नेटवर्क नसलं तरी चालेल अशी सोय... सगळं येतं. पण मांडव्यात माहिती पोचली होती की! फळा, चित्रं आणि तोंडी बोलणं एवढ्यावर पोचली होती. अडलं ते पुढे. शिकलेल्या माणसाला शिकलेलं करू द्यायचं की नाही, इथे.

बनगावची गोष्ट काहींना माहीत असेल. १९७१, बांगलादेशचं युद्ध, सीमेवर निर्वासितांच्या छावण्या आणि त्यात कॉलरा. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांचं पाणी पिंपांत कालवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच सांगितलं, पाजत राहा. आधी शंभरातली तीसेक माणसं दगावत होती, ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. म्हणजे उपचार कोणी केला? आयांनी, बहिणींनी. आज जलसंजीवनीची पुडी इतकी साधी गोष्ट वाटते, पण 'हे काम घरचे लोक करू शकतात' हे वैद्यकशास्त्राच्या गळी उतरवायला एवढी मोठी आपत्ती लागली.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. २ ऑक्टोबर १९७७ला, राजनारायण आरोग्यमंत्री असताना, देशभर एक योजना आली. हजार वस्तीमागे एक आरोग्यरक्षक, तीन महिने प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन. कागदावर मांडवा-जामखेडचीच गोष्ट. प्रत्यक्षात बरेचसे पुरुष निवडले गेले. ५० रुपयांचा माणूस आपला की सरकारचा, यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, नाव दोनदा बदललं आणि योजना हळूहळू विरून गेली.

आता आमच्याकडे येतो. कर्जतहून कशेळे-खांडसकडे गेलात तर भीमाशंकरच्या पायथ्याशी ठाकरवाड्या आणि कातकरवाड्या लागतात. लोकल कर्जतला किंवा खोपोलीला संपते, मग टमटम, मग पायवाट. पावसाळ्यात आजारी माणसाला चादरीची झोळी करून खाली आणतात, ही बातमी दरवर्षी पेपरात येते. साप चावला तर आधी भगत, मग दवाखाना. (भगताला शिव्या घालणं सोपं आहे. तो रात्री दोन वाजता उपलब्ध असतो, हेही लक्षात घ्या!)

या कशेळ्यात ऐंशीच्या दशकात दर्शन शंकर नावाचे गृहस्थ येऊन राहिले. मुंबई विद्यापीठातलं काम सोडून आलेले. अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स ही त्यांची संस्था. त्यांनी प्रश्न उलटा विचारला. या लोकांना काय शिकवायचं, असं नाही. यांना आधीपासून काय येतं? ठाकर बायकांना जंगलातल्या कितीतरी वनस्पती माहीत असतात, कुठली पोटदुखीला, कुठली जखमेला, कुठली बाळंतिणीला. ते नोंदवायचं, आयुर्वेदाच्या जाणकारांबरोबर बसून तपासायचं, योग्य ते पुन्हा वाडीतच परत द्यायचं. यातूनच १९८६मध्ये लोकस्वास्थ्य परंपरा संवर्धन समिती झाली. पुढे ते बंगळूरला गेले आणि १९९३मध्ये औषधी वनस्पतींसाठी मोठी संस्था उभी केली. २०११मध्ये पद्मश्री मिळाली. मुळं मात्र आमच्या कर्जत तालुक्यातली.

मी स्वतः झाडपाल्याबाबत जरा साशंक माणूस आहे. काविळीच्या मुळ्या बांधून घ्यायला लांबून गाड्या भरून येणारे लोक लहानपणापासून बघितलेत, आणि त्यातल्या बऱ्याच कावीळ आपोआपच बऱ्या होणाऱ्या असतात. पण कशेळ्याच्या कामातली एक गोष्ट पटते. परसातल्या झाडाचा काढा द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. मांडव्याच्या बायका जिथे अडवल्या गेल्या तो दरवाजा इथे लागतच नाही. अर्थात त्याची मर्यादाही तिथेच. न्यूमोनिया झालेल्या बाळाला काढा पुरत नाही.

ज्यांनी हा परवानगीचा प्रश्न सरळ अंगावर घेतला त्यात एक नाव डॉ. श्याम अष्टेकर. 'भारतवैद्यक' हे त्यांचं जाडजूड पुस्तक. गावात काम करणाऱ्या आरोग्यकार्यकर्त्याला समोर ठेवून मराठीत लिहिलेलं, लक्षणांवरून निर्णयापर्यंत नेणारे तक्ते असलेलं. (तक्ते बघून आम्हा प्रोग्रामरना एकदम घरी आल्यासारखं वाटतं. हो असेल तर इकडे, नाही तर तिकडे!) नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात, जे १९८९मध्ये स्थापन झालं, असे अभ्यासक्रम त्यांनी चालवले. नंतर हे ज्ञान 'आरोग्यविद्या' नावानं मराठीत इंटरनेटवर आणलं. ऑनलाइन आरोग्यशिक्षण हा शब्द फॅशनमध्ये येण्याच्या बराच आधी. पण शिकून पुढे काय? महाराष्ट्रात १९६१चा कायदा आहे, नोंदणी नसलेल्यानं वैद्यकी करायची नाही. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम ३२ आलं, मर्यादित परवान्याचे आरोग्यसेवक. त्यावर डॉक्टरांच्या संघटनेनं देशभर संप केला. त्यांची भीती खोटी नाही. प्रत्येक तापाला सुई आणि सलाईन लावणारे बोगस डॉक्टर आपल्याही बाजारपेठेत आहेत. पण वाडीतल्या माणसापुढे निवड असते ती भगत, बोगस डॉक्टर किंवा झोळी यांत. एमडी डॉक्टर त्या यादीतच नसतो.

गडचिरोलीचं उदाहरण याहून बोलकं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूत बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलासुद्धा. १९९९च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये आकडे आले: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. जगभर गाजलं. २०११मध्ये भारत सरकारनं ही घरोघरची नवजात काळजी आशांमार्फत देशभर नेली. वजन घ्या, तापमान घ्या, बाळ गुंडाळा, स्तनपान तपासा, ठरलेल्या दिवशी भेट द्या. सगळं घेतलं, फक्त सुई वगळली. २०१४मध्ये ती एएनएमच्या हातात देण्याच्या सूचना निघाल्या, आशाच्या नाही.

आशाताईच्या हातात आला तो फोन. आणि फोन आला म्हणजे ज्ञान खाली आलं असं वाटेल, पण फोनमधून बहुतेक करून माहिती वरच जाते. नोंदी, फोटो, कार्डं. २०२३मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा मानधनवाढीबरोबर एक मागणी अशी होती, की ऑनलाइन कामांची सक्ती नको. आमच्या ऑफिसात कोणीतरी ती बातमी वाचून हसलं. मी वाडीवरच्या एका ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अरे बाबा, रेंज शोधत टेकडी चढायची, तेवढ्यात दोन घरं फिरून झाली असती माझी."

आमच्या प्रशिक्षणात एकूण चाळीस प्रसंग आहेत. बाळ दूध पीत नाही, बाईला झटके येतात, म्हाताऱ्याच्या छातीत दुखतं. प्रसंग दिसतो, चार पर्याय येतात, बरोबर उत्तराला हिरवी टिकमार्क. मागच्या महिन्यात मी सगळी उत्तरं एका तक्त्यात काढली. चाळीसपैकी एकतीस ठिकाणी उत्तर आहे 'रुग्णालयात पाठवा'. मी तपासणाऱ्या डॉक्टर मॅडमना विचारलं, की गाडी येईपर्यंतच्या तीन तासांत तिनं काय करायचं, असा एक पडदा पुढे जोडूया का? मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "लिहून देते मी, मला येतं ते. पण मान्यता मिळणार नाही." तरी त्यांनी सहा प्रसंगांचं लिहून दिलंय. ते पडदे मी बनवून ठेवलेत, सध्या बंद ठेवलेत, आणि मान्यतेचं पत्र गेल्या मंगळवारी पाठवलंय.